मनगटावरचा मुकादम

‘अल्गोरिदम’ हा शब्द उच्चारला की आमच्या घरातील वडीलधारी मंडळी कानावर हात ठेवतात. हे काहीतरी अमेरिकेतले, तरुण पोरांचे, आपल्याला न उमगणारे प्रकरण आहे असा त्यांचा समज. वास्तविक तीच मंडळी गेली पन्नास वर्षे अल्गोरिदम वापरीत आली आहेत! मुलीसाठी स्थळ आले की पहिल्याने काय मागवितात? पत्रिका. जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ एवढी माहिती घ्यावयाची आणि पंचांगातल्या ठरीव रीतीत घालावयाची. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट आणि नाडी अशी तिची आठ खाती. वर्णाला गुण एक, नाडीला आठ. का, ते विचारावयाचे नाही. बेरीज छत्तीसपैकी. अठराच्या खाली गेली की मुलगा कितीही गुणी असो, स्थळ बाद. बारा घरांची ती कुंडली म्हणजे तरी काय? आकड्यांचे चित्रच की! गुरुजी त्यावर एक नजर टाकतात आणि मान हलवितात. त्या मान हलविण्यावर दोन जिवांचे पुढचे आयुष्य ठरते.

तेव्हा वाचकहो, माहिती, रीत आणि चित्र ही त्रयी आपल्याला नवी नाही. नवे एवढेच की पूर्वी ती लग्न ठरविताना घरात येई. आता ती दुकानांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि रस्त्यावर येऊन बसली आहे आणि माणसाच्या रोजच्या भाकरीचा निवाडा करू लागली आहे. कोणत्या भागात दुकान उघडावे, कोणता माल किती मागवावा, कोणत्या कामगाराला काम द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे सारे पडद्यावरचे रंगीत आलेख पाहून ठरते. मी मराठीचा प्राध्यापक; आकड्यांशी माझा संबंध उत्तरपत्रिकेवरील गुणांपुरता. पण हे प्रकरण आमच्या नागपुरात एका घड्याळाच्या रूपाने आले, आणि ते घड्याळ माझ्या दारासमोरून रोज सकाळी जाऊ लागले.

नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जी.पी.एस. घड्याळे बांधावयास सुरुवात केली. संख्या थोडीथोडकी नव्हे, हजारोंच्या घरातली. घड्याळे विकत घेतलेली नव्हती, भाड्याची होती. दर घड्याळामागे महिन्याला दोनशे रुपयांहून थोडे अधिक. त्याचे काम असे. घड्याळातील यंत्र आकाशातल्या उपग्रहांचे संदेश टिपून आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहोत हे ठरविते आणि मोबाइलच्या जाळ्यातून ते कचेरीतल्या संगणकाला कळविते. तेथे पडद्यावर शहराचा नकाशा असतो. प्रत्येक कामगाराच्या वाट्याला आलेल्या रस्त्याभोवती एक अदृश्य कुंपण आखलेले असते. कामगार म्हणजे त्या नकाशावरचा एक ठिपका. ठिपका कुंपणाच्या आत असला तर ठीक. बाहेर गेला की नोंद. आणि या नोंदीशी पगाराची गाठ मारलेली.

हे का करावे लागले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हजेरीपुस्तकात नाव आहे, सही आहे, आणि रस्त्यावर माणूस मात्र नाही, ही आपल्याकडील सर्वच नगरपालिकांची जुनी रडकथा. हजेरी घेणारा मुकादम काही धर्मराज नव्हता. कोणाला हजर दाखवावे आणि कोणाला ताटकळत ठेवावे ही त्याची सत्ता, आणि त्या सत्तेची झळ सर्वांत अधिक लागे ती ऐवजदाराला. ‘ऐवजदार’ हा नागपूर महापालिकेतला शब्द बाहेरगावच्या वाचकांना परका वाटेल. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या ऐवजी घ्यावयाचा तो ऐवजदार. नाव तात्पुरते, पण पुष्कळांची वीस-वीस वर्षे या ‘ऐवजी’त गेली. अशा माणसाच्या दृष्टीने, जात पाहत नाही, चिरीमिरी मागत नाही, रुसत नाही असे यंत्र हा एक प्रकारे न्यायच म्हणावयाचा. मनगटावरच मुकादम येऊन बसल्यावर चौकातल्या मुकादमाची मिजास थोडी तरी उतरेल, अशी आशा वाटणे अगदी स्वाभाविक होते.

आमच्या गल्लीत झाडणारी बाई पन्नाशीच्या पुढची. तिच्या हाडकुळ्या मनगटावर ते काळे, जाडजूड घड्याळ जरा ओझ्यासारखेच दिसे. मी एकदा विचारले, “बाई, ही घडी काय सांगते?”

“काई नाई जी,” ती म्हणाली, “मी कोठी आहो थे सांगते. मी का करून रायली थे नाई सांगत.”

आमच्या विभागातील कोणत्याही डॉक्टरेटधारकाने या विषयाची याहून नेमकी व्याख्या केली असेल असे मला वाटत नाही. फाल्गुन-चैत्रात निंबाची पाने गळतात, तेव्हा तिचा अर्धा रस्ता हा इतर दिवसांच्या दोन रस्त्यांएवढा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक होऊन गेल्यावर, झाडूला दम म्हणून लागत नाही. कोणा म्हातारीच्या दाराशी तुंबलेली नाली ती आपखुशीने मोकळी करते. ठिपका या सर्व दिवशी सारखाच हिरवा. उलट महाल-इतवारीच्या अरुंद बोळांत, दोन्हीकडे उंच घरे असली की उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून वाकडेतिकडे येतात आणि माणूस जागचा न हलताही ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, हे त्या विद्येतले जाणकारच सांगतात.

ही घड्याळे पुढे इतर गावांतही गेली. २०२० च्या सुमारास चंदीगड आणि पंचकुला येथे सफाई कामगारांनी त्यांविरुद्ध निदर्शने केली. वर्तमानपत्रांतून आलेल्या त्यांच्या तक्रारी यंत्राच्या बिघाडापुरत्या नव्हत्या. हे घड्याळ आपले बोलणे ऐकते काय, चित्र घेते काय, अशी शंका होती. स्त्रियांना ते घालून नैसर्गिक विधीस जाण्याचाही संकोच वाटे. ही भीती खरी की खोटी हा प्रश्न गौण आहे. जे यंत्र मनगटावर बांधावे लागते त्याच्या पोटात काय आहे हे बांधून घेणाऱ्याला कोणी धड समजावून सांगितले नव्हते, हे तिच्यावरून दिसते.

आणि गंमत पाहा, जे शहर कामगाराला ठिपका करते ते स्वतःही दुसऱ्या कोणाच्या तक्त्यावरचा ठिपकाच असते. ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त नागपूरचा क्रमांक २०१७ साली १३७ वा होता, २०२० साली १८ वा झाला आणि २०२३ साली पुन्हा ८६ वर घसरला. एवढ्या उड्या आमच्या गल्लीने काही मारल्या नाहीत. ती होती तशीच आहे.

जुन्या हजेरीपुस्तकाची आम्ही पुष्कळ थट्टा केली, पण त्याला शेवटी एक रकाना असे: ‘शेरा’. ‘मुलगी आजारी’, ‘पुरामुळे उशीर’, ‘साहेबांच्या बंगल्यावर कामास’. या शेऱ्यांतले निम्मे खोटे असतील, काही लाच घेऊन लिहिलेले असतील; तरीही ‘का?’ या प्रश्नाला कागदावर हक्काची दीड इंच जागा होती. ठिपक्याला शेरा नसतो. यंत्र वाईट असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याला हा रकाना ठेवावयाचे आपण विसरतो, किंवा सोयिस्करपणे टाळतो, असे माझे म्हणणे आहे.

रकाना असला की काय होते हे पाहावयास नागपूरकराने फार दूर जावयास नको. गांधीसागराच्या काठी आज जेथे मॉल उभा आहे तेथे एके काळी एम्प्रेस मिलचा भोंगा वाजे आणि अर्धे शहर त्यावर उठे-बसे. जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू केली. सारे गिरणीवाले मुंबई धरून बसलेले असताना हा गृहस्थ नागपूरला का आला? त्याने हिशेब केला होता. कापूस विदर्भातला, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे १८६७ सालीच नागपुरास पोहोचलेली. मग कापूस मुंबईला वाहून नेऊन त्याचे कापड पुन्हा इकडे आणण्याचा खर्च कशासाठी? आजच्या भाषेत हा माहितीवर आधारलेला धंद्याचा निर्णयच होय. फक्त तो रंगीत पडद्यावाचून झाला.

पण मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. गिरणीत गैरहजेरी फार होती. हजेरीचे आकडे समोर ठेवून दंडाचा फटका ओढणे सर्वांत सोपे होते. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी त्या आकड्यांना ‘का?’ विचारले असावे, असे त्यांच्या कृतीवरून दिसते. नियमित हजेरीला बक्षिसे सुरू झाली. गिरणीतली हवा सुधारणारी, तीत ओलावा राखणारी यंत्रे बसली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. १८९५ साली अपघाताच्या भरपाईची योजना आली. (हवेतल्या ओलाव्याने सूतही कमी तुटते, तेव्हा या पुण्यात थोडा धंदाही होता. असेना का!) एकाच आकड्याची दोन वाचने होती: कामगार आळशी आहे, किंवा येथे काम करणे अवघड आहे. कोणते वाचन पत्करावयाचे हे आकडा सांगत नाही.

आकडा चुकतोही. ३० मे २०२४ ची गोष्ट नागपूरकर विसरणार नाहीत. त्या दिवशी येथील एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश दाखविले. छप्पन! बातमी देशभर गेली, पुण्या-मुंबईहून नातेवाइकांचे ‘अजून जिवंत आहात ना?’ असे फोन आले. आम्ही घामाघूम होतो खरे, पण उकडून शिजलो नव्हतो. शहरातल्या इतर ठिकाणी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात होता. हवामान खात्याने तपास केला आणि संवेदक बिघडला होता असे सांगून टाकले. प्रकरण मिटले.

ते इतक्या सहज का मिटले? शेजारी दुसरे तापमापक होते म्हणून. एका यंत्राची साक्ष दुसऱ्याने खोडली. कामगाराच्या बाबतीत हे दुसरे तापमापक कोठे असते? ‘तू त्या वेळी तेथे नव्हतास’ असे यंत्र म्हणाले, तर ‘होतो’ असे म्हणणारा तो एकटाच. आणि त्याच्या शब्दाला दशांश चिन्ह नसते.

माझा एक जुना विद्यार्थी मिहानमधल्या एका कंपनीत हीच चित्रे काढण्याचे काम करतो. कविता बरी लिहीत असे. आता आलेख लिहितो. दिवाळीला भेटावयास आला तेव्हा मी त्याला म्हटले, बाबा रे, हे मला पहिलीच्या मुलाला सांगावे तसे सांग. त्याने लॅपटॉप उघडून नमुन्याचा एक तक्ता दाखविला. नावांची रांग, प्रत्येक नावापुढे एक रंग, हिरवा, पिवळा, तांबडा.

“सर, मॅनेजरला आकडे वाचायला वेळ नसतो. तो रंग बघतो.”

“आणि हिरवा कोठे संपतो, पिवळा कोठे सुरू होतो, हे कोण ठरवितो?”

तो जरासा ओशाळला. “तसं काही कळवलं नसेल तर आम्हीच. दहा मिनिटं उशिरापर्यंत हिरवा ठेवतो.”

“दहाच का? नऊ का नाही?”

“दहा बरं दिसतं, सर.”

आता मी त्याला काय बोलणार? मी स्वतः आयुष्यभर पस्तीस गुणांची रेघ मारीत आलो आहे. चौतीसवाला मठ्ठ आणि पस्तीसवाला हुशार असे मानणारा शिक्षक मी तरी पाहिला नाही. रेघ कोठेतरी मारावीच लागते. पण आमच्या विद्यापीठांत त्या चौतीसवाल्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. ज्याच्या नावापुढे तांबडा रंग पडला त्या कामगाराने छायाप्रत कोणाकडे मागावयाची?

हा प्रश्न इटलीतील बोलोन्या शहराच्या न्यायालयापुढे आला होता. घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या डिलिव्हरू कंपनीतील मुलांना कामाच्या वेळा आगाऊ निवडाव्या लागत आणि कोणाला आधी निवडता येईल हे त्यांच्या ‘विश्वासार्हते’चा आकडा ठरवी. निवडलेली वेळ ऐन वेळी सोडली की आकडा घसरे. मग कारण संप असो की आजारपण. ३१ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने ही रीत भेदभावाची ठरविली. तोवर कंपनीने ती बंदही केली होती, पण निकालातले मर्म राहिलेच: यंत्र सर्वांना सारखेच मोजत होते, आणि अन्याय नेमका त्या सारखेपणातच होता. कारण विचारलेच नाही, तर तापाने फणफणलेला आणि सिनेमाला गेलेला असे दोघेही एकाच रकान्यात पडतात.

आपल्याकडे ही मंडळी किती? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला. म्हणजे वाचकहो, तुमच्या-आमच्या नात्यात, बिल्डिंगीत, वर्गात ती येणारच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना कायद्याच्या पुस्तकात प्रथमच देशपातळीवर नाव दिले, आणि कंपन्यांच्या उलाढालीतला एक ते दोन टक्के भाग त्यांच्या सुरक्षेसाठी काढून ठेवण्याची तरतूद केली. हे चांगलेच झाले. पण निधी वेगळा आणि रीत उलगडून सांगणे वेगळे. स्पेनने २०२१ साली कामगारांच्या प्रतिनिधींना ही रीत कोणत्या निकषांवर चालते ते जाणून घेण्याचा हक्क दिला. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यातही त्या दिशेने पाऊल आहे.

कोणी म्हणेल, प्राध्यापकमजकूर, तुम्हाला आकड्यांचे वावडे आहे. मुळीच नाही. आकड्यांची चित्रे काढून माणसे वाचविता येतात हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५८ सालीच दाखविले. आपण त्यांना हाती दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो; त्या पक्क्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. क्रिमियाच्या युद्धात मेलेल्या इंग्रज शिपायांचे त्यांनी पाकळ्यापाकळ्यांचे, रंगीत चक्र काढले. त्यात जखमांनी मेलेल्यांची पाकळी लहान, आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांची केवढी तरी मोठी! ते चित्र शिपायांना दोष देत नव्हते; गलिच्छ इस्पितळांना आणि ती चालविणाऱ्या वरिष्ठांना देत होते.

आमच्या नागपुरातही याचे एक चांगले उदाहरण आहे, आणि ते घड्याळाइतके गाजले नाही याचे मला वाईट वाटते. सप्टेंबर २०२१ मध्ये येथे ‘आय-रास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आय.टी., केंद्रीय रस्ते संशोधन संस्था अशी मंडळी त्यात होती. शहराच्या ‘आपली बस’ गाड्यांत कॅमेऱ्याची यंत्रे बसविली. समोर माणूस आला, पुढची गाडी फार जवळ आली की यंत्र चालकाला सावध करते. इथवर तेही मुकादमच. पण पुढे त्यांनी हे इशारे कोठे कोठे वाजले याचा नकाशा केला. ज्या जागी निरनिराळ्या चालकांच्या गाड्यांत पुन्हा पुन्हा इशारा वाजतो, तेथे चालकाचे काय चुकते हे विचारण्याआधी रस्त्याचे काय चुकते हे पाहावयाचे: वळण आंधळे आहे काय, दुभाजक चुकीच्या जागी तुटला आहे काय, पादचाऱ्याला ओलांडावयास जागा आहे काय. जेथे अद्याप अपघात झालेला नाही, पण होण्याचा संभव दाट आहे, अशा जागा त्यावरून शोधता येतात. येथेही ठिपकेच, फक्त ते माणसाऐवजी खड्ड्याकडे बोट दाखवितात. सफाई कामगारांच्या घड्याळातून असाच नकाशा निघाला असता, तर कोणत्या रस्त्याला दोन माणसे कमी पडतात हे कळले असते की नाही?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझा एक विद्यार्थी आहे. सायंकाळी घरपोच जेवण पोहोचवितो, मे महिन्यात दुपारीही. कंपनीचे नाव येथे नको. फोन लुकलुकतो, अंतर आणि रक्कम दिसते, काही सेकंदांत ‘हो’ म्हणावयाचे. पदार्थ तयार नसला की हॉटेलच्या दाराशी ताटकळावयाचे. उशीर मात्र त्याच्या खात्यावर. मी त्याला वर्गात डुलक्या घेताना पकडले, तेव्हा त्याने खिशातली एक छोटी वही काढून दाखविली. मराठीच्या तासाला तो वही आणीत नाही, पण ही होती. तीत रोजच्या नोंदी: हॉटेलात केव्हा पोहोचलो, जेवण हाती केव्हा पडले, उन्हामुळे किती वेळा थांबलो, फोनने किती मिनिटे धरली, प्रत्यक्षात किती लागली. कोणी न शिकविता पोराने स्वतःचे दुसरे तापमापक तयार केले होते.

अडीच महिन्यांच्या नोंदी झाल्यावर तो आणि त्याचे चार सोबती वही घेऊन कंपनीच्या येथील कचेरीत गेले. तेथला अधिकारी पंचविशीतला, भला मुलगा. त्याने पाणी दिले, वही सबंध चाळली, आकडे खरे असावेत असेही म्हणाला. मग आपला पडदा त्यांच्याकडे वळवून दाखविला. त्यावर पाचही जणांची नावे होती आणि नावांपुढे रंग होते. पण रंग कसा पडला हे विचारण्याची जागा त्याच्याही पडद्यावर नव्हती. वही कोठे चिकटवावी हे त्यालाही कळेना. पडदा परत फिरविताना पोरांना आणखी एक नाव दिसले, त्या अधिकाऱ्याचे स्वतःचे. त्यापुढचा रंग पिवळा होता.